वेलींचा मंत्र

वेल्डरची बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर जादू-लढाईच्या सोंगट्यांचा डाव मांडलेलाच होता. थोड्या वेळापूर्वी तिने खाटेवरूनच फोनवर आपली खेळी सांगितली होती, "राक्षसांना वेलींत अडकवलंय. मी धरून ठेवते. तुम्ही दोघं दारातून पळा." मुलीने आईच्या विणकामातला हिरवा धागा राक्षसांभोवती गुंडाळला होता. राक्षस म्हणजे वेल्डरने कामावरून आणलेले लोखंडी नट.

बऱ्याच दिवसांनी मेहुणा आला. डावावरची धूळ त्याने फुंकली.

"दाजी, ताईच्या जागी मी खेळतो. राक्षसांची गर्दी आवरायला कोणता मंत्रवाला घेऊ?"

"तलवारवाल्याला काय विचारतोस? मला नुसतं हाणता येतं," वेल्डर म्हणाला.

"मग आगवाला घेतो. सगळे जाळून टाकतो."

"मामा, जाळणं म्हणजे आवरणं नाही," मुलगी म्हणाली. खेळ तीच चालवायची. "अर्धे जळतील, उरलेले तुझ्यावरच धावून येतील."

"शाहीर? गाऊन झोपवतो."

"तुझ्या गाण्याने झोपलेलेही उठतील," वेल्डर बोलून गेला. तिघंही हसले.

"झोपलेल्याला धक्का लागला की तो जागा होतो," मुलगी म्हणाली. "पुजारी घाबरवून पळवतो, पण पळालेले परत येतात. आईची रानजोगीणच भारी. तिच्या वेली कुणाला हलूच देत नाहीत."

"कुठवर?" वेल्डरने विचारलं.

"तिचं मंत्रात लक्ष आहे तोवर."

"आणि ती नसली की?"

मुलीने फासा मुठीत घट्ट धरला. "सुटतात, बाबा. नियमच आहे तसा."

मेहुण्याने धाग्याकडे हात नेला. वेल्डरने त्याचं मनगट पकडलं. मेहुणा कळवळला.

"बरं, धागा राहू दे. बाबा, तू पळ तरी," मुलगी हळूच म्हणाली. "खेळी तुझीच आहे. आईने त्यासाठीच धरलंय ना त्यांना?"

वेल्डरने आपला तलवारवाला उचलला, दारापर्यंत नेला. मागे नटांच्या गराड्यात रानजोगीण एकटीच दिसली. त्याने तो परत आणून तिच्या शेजारी ठेवला.

बापलेक आता स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानेच जेवतात. टेबलावर धागा तसाच आहे. पळायचं राहिलं आहे.