सात हिरवी रोपं

जनूदादाने खाजणातल्या खाऱ्या चिखलात हट्टाने लावलेल्या दोनशे चाळीस भातरोपांपैकी सात उभी होती. बाकीची मिठाने करपली होती. ही सात मात्र समुद्राच्या पाण्यात हिरवीगार होती.

समुद्र अडवणारा बांध फुटून अकरा वर्षं झाली होती आणि रविवारी उरलेलं गाव डोंगरावर हलवायचं होतं. या सात रोपांना तगवणारा, त्यांच्या आत राहणारा जिवाणू नवा निघाला, तरच ते हलवणं वर्षभर थांबणार होतं. प्रयोगशाळेतला जुना जिवाणू भाताला एकच हंगाम खारं पाणी पचवू देई आणि मरून जाई.

प्रयोगशाळेतून आलेल्या नीरजाच्या पहिल्या तपासणीत जुनाच निघाला होता. पण पान धुतलेल्या शेवटच्या पाण्यातही तोच वाढला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो पानातला नव्हताच, तिच्या चिमट्याला चिकटून आला होता.

“म्हंजे भांडं नीट घासलं नव्हतंस,” जनूदादा म्हणाला.

“नव्हतं, दादा. या खेपेला तीनदा घासलंय.”

“आमच्या आयशीने तुला जेवायला वाढलं नसतं.”

ती हसली आणि बश्यांकडे वळली. धुतलेल्या पाण्याची बशी आज कोरी होती, आणि पानाच्या रसाच्या बशीत केशरी ठिपके उमटले होते. असा रंग तिने कधी पाहिला नव्हता. यंत्र त्या ठिपक्यांची जनुकं जुन्या जिवाणूशी ताडून पाहत होतं.

“जुळणी पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली आली तर नवा,” ती म्हणाली.

“मंग वाच ना गो.”

पडद्यावर आकडा उमटला. तिने तो मोठ्याने वाचला.

“अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तीन.”