पंधरा दिवसांची मुदत

"चेक परत आलाय." बँकेतल्या कारकुनानं चेक आणि त्यासोबतची छापील चिठ्ठी खिडकीतून पुढे सरकवली. "खात्यात पुरेशी रक्कम नाही."

मास्टरबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, जपून पिशवीत ठेवली आणि थेट वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

"काम कसलं होतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"एका सिक्युरिटी एजन्सीचं. नव्वद रखवालदारांचे गणवेश. बावीस दिवसांत शिवून दिले. एक बटण तुटल्याची तक्रार नाही." सांगताना त्यांची मान ताठ झाली. शहरात कुठल्याही फाटकाशी तो निळा शर्ट दिसला की त्यांची नजर आधी कॉलरवर जायची. नव्वदच्या नव्वद कॉलरी त्यांनी स्वतः बसवल्या होत्या.

"बिल?"

"आहे. माल मिळाल्याची सहीही आहे."

"मग केस भक्कम आहे. ही चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस धाडायची. नोटीस हातात पडली की त्यांना पंधरा दिवस. तेवढ्यात पैसे दिले तर मिटलं. नाहीतर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो." वकीलबाईंनी चेक उलटून पाहिला. "मालकांशी ओळख जुनी?"

"वीस वर्षांची."

"मग आधी एकदा बोलून बघा की."

"तीनदा बोलले. म्हणतात, पैसे काय पळून चाललेत? शिलाईचं तर काम, त्याचा एवढा बाऊ कशाला!" मास्टरबाईंनी पिशवी मांडीवर ओढली. "माझ्याकडे सहाजणी कामाला आहेत. शनिवारी त्यांचा पगार मी केलाच, साठवणीतून. पण माझ्या धंद्याला कुणी फावल्या वेळचा उद्योग समजायचं नाही."

"संबंध बिघडतील."

"माझी एक शिवण बिघडली नाही. संबंधांची काळजी चेक लिहिणाऱ्यानं करावी."

नोटीस तयार झाली. मास्टरबाईंनी शब्द न् शब्द वाचला. एके ठिकाणी 'कृपया' होतं, ते काढायला लावलं. मालकांच्या घरचा पत्ता लिहिताना वकीलबाईंचं पेन थबकलं.

"नक्की ना?"

"नक्की."

पोस्टाच्या रांगेत त्या स्वतः उभ्या राहिल्या. शिलाईघरात परतल्या तशी सहाही मशिनं थांबली.

"धाडली?" सगळ्यांत जुन्या कारागिरणीनं विचारलं.

"धाडली."

"मास्टरबाई, आता तुमचं काही खरं नाही!"

"माझं?" त्या हसल्या आणि कात्री उचलून पुढचं कापड बेतायला बसल्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्या घरी चहा गाळत असताना दारावर थाप पडली. दारात पोस्टमन उभा होता. त्यानं पाकीट पुढे केलं. मास्टरबाईंनी त्याला हात लावला नाही. आत वळून त्यांनी खणखणीत आवाजात हाक मारली,

"अहो, तुमच्या नावाचं रजिस्टर आलंय. बाहेर या, सही तुमचीच लागेल."