चार बोटं जागा

फेर्मिननं विंडो मोठी करायचा चौकोन तिसऱ्यांदा दाबला. विंडो पसरली आणि पडद्याच्या उजवीकडे चार बोटं जागा सोडून थांबली.

"इंदाय, पोरी, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय," तो पुतणी अनालिनला म्हणाला. कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"बिघडलेला नाही, तियो. तातायनी तसं करून ठेवलंय," अनालिन काकाला म्हणाली. "काहीही उघडा, कितीही मोठं करा, तेवढी पट्टी झाकली जात नाही."

पट्टीत समुद्राचा नकाशा होता आणि नकाशावर एक करडा ठिपका. तो तिच्या वडिलांच्या जहाजाचा. जहाजावर निघायच्या दिवशी त्यांनीच ही सोय करून दिली होती, मी कुठे आहे ते तुला दिसत राहील म्हणून. ठिपका वर्षभर एकाच जागी होता. जहाज मात्र तिथे नव्हतं. शोधायला गेलेल्यांना नुसतं पाणी दिसलं.

आज वर्षाची प्रार्थना होती. मृतांच्या यादीत भावाचं नाव घालून फेर्मिनला प्रार्थनेचा कागद टाइप करायचा होता.

"मला अक्षरं मोठी लागतात गं. काढ ना ती पट्टी."

अनालिननं आईकडे पाहिलं. लुदिविना टेबलावर ताटल्या मांडत होती. एक ताटली जास्तीची होती, गेलेल्या माणसाची.

"काढ," ती वर न बघता म्हणाली. "आज दुखवट्याचे काळे कपडे उतरवायचे. अजून किती दिवस बघत बसणार आहेस?"

अनालिननं सेटिंग उघडलं. उजवीकडची मोकळी जागा: एकशे ऐंशी. तिनं ते पुसून शून्य घातलं. विंडो पडदाभर पसरली आणि ठिपका तिच्याखाली गेला.

कागद टाइप झाला, सगळे जेवायला बसले. दोन घास होतात न होतात, तोच बाहेर जीपनीचा हॉर्न वाजला.

"छपाईवाला दुकान बंद करेल. कागद काढून आलोच," म्हणत फेर्मिन भरल्या ताटावरून उठला.

"अगं, ताटल्या फिरवा, ताटल्या!" शेजारची म्हातारी लोला पासिंग ओरडली. "हा मेला कधी नीट जेवून उठलाय?"

जेवण अर्धवट टाकून कुणी निघालं, की मागे राहिलेल्यांनी आपापली ताटली फिरवायची. मग जाणारा सुखरूप परत येतो. पान्सितच्या शेवयांनी भरलेल्या ताटल्या टेबलावर घासत फिरल्या. लोला पासिंगनं तर दोनदा फिरवली.

अनालिनचा हात ताटलीच्या काठावर तसाच राहिला.

"त्या दिवशी तातायही असेच उठले," ती आईला म्हणाली. "मी ताटली घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले होते. बंदरातल्या जहाजाचा ठिपका बघत. मी फिरवली नाही, नानाय. तुम्ही सगळ्यांनी फिरवली, एकटी मीच राहिले." वर्षभर हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

लुदिविनाचीही ताटली जागची हललेली नव्हती.

"सगळ्यांनी नाही," लुदिविना म्हणाली. "पुन्हा निघाला म्हणून मी रागावले होते. तू विसरलीस, इंदाय. मी मुद्दाम नाही फिरवली."

लोला पासिंगनं छातीवर क्रूस काढला. लुदिविना बराच वेळ त्या जास्तीच्या ताटलीकडे बघत राहिली. त्यातल्या शेवया निवून गेल्या होत्या.

"जा," ती मुलीला म्हणाली. "ती पट्टी मोकळी कर."

अनालिन जेवण टाकून उठली. तिच्या पाठीमागे लुदिविनानं आपली ताटली हळूच फिरवली.