झळाळीवाल्याचा भाव

"वाचा," म्हणत मॅनेजरने कागद टेबलावरून पुढे सरकवला. "नाहीतर म्हणाल, मी मनचं सांगतो."

गाड्या धुणाऱ्याने ओले हात पँटला पुसले आणि कागद कडेने धरला. वर निळ्या अक्षरांत 'झळाळी कार केअर'. खाली, आतून-बाहेरून सफाई, गाडीमागे नव्वद.

तीन महिन्यांतलं हे तिसरं कोटेशन. पहिलं आलं तेव्हा याचा भाव दीडशे होता. झळाळीने एकशेतीस लिहिले, याने एकशेपंचवीस केले. मग त्यांनी एकशेदहा, याने एकशेपाच. लिलावात भाव चढतो म्हणतात, इथे उतरत होता.

"हा आहे तरी कोण?"

"कोणी का असेना, मला कागदाशी मतलब. तुमचं काम चांगलं म्हणून आधी तुम्हाला विचारतो. संध्याकाळपर्यंत सांगा."

शोरूमच्या मागच्या आवारात अकरा जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. विकायला काढण्याआधी त्या नव्या नवरीसारख्या दिसायला हव्यात, हे मॅनेजरचं म्हणणं. नवरीच्या मानाने खर्च मात्र बेताचा. त्याने पहिल्या गाडीवर फेस ओतला आणि टपाकडे हात नेला. उजवा खांदा कळवळला. त्याने कापड डाव्या हातात घेतलं.

एकेका गाडीत माणसं काय काय ठेवून जातात! बिस्किटांचा चुरा, कुत्र्याचे केस, पोराने सीटला चिकटवलेलं च्युइंगम. ते कुणाला दिसलं नसतं. या भावात दिसेल तेवढंच पुसायचं, असं त्याने शंभरदा ठरवलं होतं आणि एकदाही जमलं नव्हतं. खिशातला झिजलेला टूथब्रश काढून तो सीटखालच्या रुळांतली घाण उकरू लागला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. दोन गल्ल्या पलीकडे झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात ती कामाला होती. दोघं पालथ्या बादल्यांवर बसली. तो डाव्या हाताने जेवत होता. ती बघत राहिली, मग म्हणाली, "शर्टसुद्धा आज मीच चढवला तुमच्या अंगात. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? आणखी वर्षभर हेच केलंत तर हात खांद्याच्या वर जाणार नाही. कायमचा."

"डॉक्टरांचं काय जातं बोलायला? त्यांना कुठे टप पुसायचे असतात?"

"अहो, सोडा ना आता हे. घरोघरच्या दिवसाला दोन गाड्या करा. एकेक गाडी चारशे देते. तेवढ्यात भागेल आपलं, मी आहे की."

"दोन गाड्या शोधायला दहा दारं वाजवावी लागतात. इथे गाड्या आपण होऊन रांगेत उभ्या राहतात. हातचं सोडून पळत्याच्या मागे कोण लागेल?"

"भाव बघा ना पण! शाम्पू, कापडं, पाण्याचा टँकर, सगळं वजा केलं तर उरतं काय? खांदेदुखी!"

तो थकला होता. कामाला नव्हे, या उतरत्या आकड्यांना.

"मी काम सोडत नसतो," तो शेवटी म्हणाला. "काम मला सोडेल तेव्हा बघू."

"हेच तुम्ही चार महिन्यांपूर्वी म्हणाला होतात."

"आज आलीये ती वेळ, असं समज. झळाळीवाल्याने नव्वद लिहिलेत." त्याने डब्याचं झाकण लावलं. "माणूस जाणकार आहे हं. एसीच्या जाळीत नि सीटच्या रुळांत टूथब्रशने सफाई करतो, असं कागदावरच लिहिलंय. हे मी सोडून कुणी करत नाही, असं मला वाटायचं."

"जगात टूथब्रश काय तुमच्या एकट्याच्याच घरी झिजतात?" ती डबा पिशवीत ठेवत म्हणाली. "नव्वद परवडणार का तुम्हाला?"

"नाही."

"मग घेऊ दे की त्याला."

त्याची मान किंचित हलली, ती तिने होकार म्हणून धरली. परत जाताना बऱ्याच दिवसांनी ती हसली.

संध्याकाळी तो घरी आला तो ताठ मानेने. चपला काढता काढताच म्हणाला, "जिरवली त्या झळाळीवाल्याची!"

ती कणीक मळत होती. हात थांबले. "म्हणजे?"

"मॅनेजरला म्हटलं, दर महिन्याला हा कागदांचा खेळ नको. एकदाच काय ते ठरवा. गाडीमागे ऐंशी, पण वर्षाचा करार. त्यांच्या मालकाच्या तिन्ही शोरूमच्या गाड्या माझ्याच, आठवड्याला साठ. सही करून आलो. मधेच सोडलं तर अनामत जाईल, पण मी सोडतोय कशाला?" तो खाटेवर टेकला आणि शर्टातून हात काढताना कण्हला. "आता त्याने फुकट धुतो म्हटलं तरी मॅनेजर बघणार नाही. जरा शेक देतेस का गं?"

तिने हात धुतले. गरम पाण्याची पिशवी भरली, त्याच्या खांद्याखाली नीट बसवली, वर टॉवेल टाकला. तो डोळे मिटून म्हणाला, "वाईट वाटतं पण त्याचं. किती जीव तोडून मागे लागला होता."

ती आत गेली आणि तिने पर्स उघडली. आपला नवरा कदाचित नव्वदालाही हटायचा नाही, या धास्तीने दुपारी दुकानात टाइप करून ठेवलेला कागद त्यात घडी घालून होता. वर निळ्या अक्षरांत 'झळाळी कार केअर', आणि खाली, गाडीमागे सत्तर.