रिकामी खुर्ची

कथालेखनाच्या वर्गाचा नेमच होता, गोष्ट वाचण्याआधी तिच्यावरचं नाव काढून टाकायचं. "लिहिणारा कोण ते विसरा, समोर आहे तेवढं वाचा," मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं. आज वर्षालीची गोष्ट निघाली. गावाकडून वर्ध्याला शिकायला आलेली एक मुलगी मेसमध्ये रोज एकटी जेवते आणि तिच्या समोरची खुर्ची रिकामीच राहते, एवढीच गोष्ट.

वर्ग नुसता पेटला. कोणी म्हणालं, ती खुर्ची म्हणजे सत्ता. कोणाला तिच्यात शहराची नजर दिसली. निकेश तर उभाच राहिला. "हे एकटेपण तिचं नाईच, मॅडम. तिच्यावर लादलेलं आहे!" बोलता बोलता त्याने बाकावर मूठ आपटली.

वर्षाली मान खाली घालून ऐकत होती. तास संपूच नये असं तिला वाटलं. आपलं गाव आंजी सोडल्यापासून तिच्याबद्दल इतका वेळ कोणी बोललंच नव्हतं.

दुपारी मेसच्या कोपऱ्यात ती पाटोडीचा रस्सा घेऊन बसली, तोच निकेश समोर येऊन उभा राहिला.

"इथं कोणी येऊन राह्यलं काय?"

"नाई, नाई," म्हणत तिने घाईघाईने आपलं ताट सरकवून जागा केली.

"मंग ही खुर्ची नेतो. तिकडे एक कमी पडून राह्यली."

खुर्ची उचलून तो आपल्या घोळक्यात गेला. तिथे अजून सकाळच्याच गोष्टीवर वाद चालला होता.

"पण मले एक सांग," निकेशचा आवाज आला, "त्या पोरीजवळ जाऊन एकही जण काऊन बसला नसन बे?"