पोंक्षेसरांचा सायफर

"सर, तुमचा सायफर फुटला," मृण्मयी एका दमात बोलून गेली.

पेसमेकरसारख्या चिमुकल्या यंत्रांचे संदेश परक्याला वाचता येऊ नयेत, म्हणून पोंक्षेसरांनी तो सायफर, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारी गणिती पद्धत, रचला होता. त्यातली कच्ची जागा शोधणं हा तिच्या पीएचडीचा विषय; सुचवलाही त्यांनीच.

सर चिडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी तिची आकडेमोड तपासली. एकही चूक निघाली नाही.

"कागदावर ठीक आहे. खऱ्या यंत्रावर करून दाखव."

"ते कुठून आणू?"

सरांनी शर्टाची वरची बटणं काढली. गळ्याच्या हाडाखाली जुना व्रण होता.

"सर, तुम्हाला पेसमेकर... आणि त्यात हाच सायफर?"

"दुसऱ्या कुणाच्या सायफरवर माझा विश्वास नव्हता. फक्त वाच, काही बदलू नकोस."

तिनं लॅपटॉपला जोडलेला रिसीव्हर त्यांच्या छातीजवळ धरला. काही मिनिटांतच संदेश उलगडणारी किल्ली सापडली आणि सरांच्या हृदयाचे ठोके लॅपटॉपवर दिसू लागले.

"शाब्बास! प्रबंध छापण्याआधी पेसमेकरच्या कंपनीला कळवू," सर हसून म्हणाले. आवाज अगदी शांत होता.

पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा मात्र भराभर वाढत चालला होता.