उजवी पाकळी

तेजस्विनीने दोन महिने सगळ्यांचं डोकं पिकवलं होतं. गेम खेळायचा कॉम्प्युटर म्हापशाच्या दुकानातून तयार आणावा, की एकेक भाग मागवून आपल्या हाताने जोडावा? पैसे तिच्याच पगारातले होते, पण इब्रामपुरातल्या त्यांच्या घरात मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नसे.

"देवाक कौल लावूया," तिचे वडील बाबुराव म्हणाले. "उजवी पाकळी पडली तर जोड, डावी पडली तर तयार घे."

कॉम्प्युटरचं नाव काढलं की उठून जाणाऱ्या बाबांनी ही गोष्ट इतकी मनावर घ्यावी, याचंच तिला अप्रूप वाटलं. सोमवारी सगळ्यांच्या आधी न्हाऊन ती तयार! देवळात बाबा पुजाऱ्याच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी बोलले. पुजाऱ्याने ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या. तेजस्विनी श्वास रोखून उजवीकडे बघत राहिली. मनात एकच जप, पड बाई, पड.

आणि उजवी पाकळी टपकन पडली.

"पडली!" टाळ्या पिटत ती देवासमोरच नाचली. बाबांनी उपरण्याने डोळे पुसले. एवढ्याशा कॉम्प्युटरसाठी रडतात काय, म्हणून तिला हसू आलं.

भागांची ऑर्डर द्यायला मोबाइल काढत ती बाहेर आली. पायरीवर उभे राहून बाबा फोनवर बोलत होते,

"होय व्याह्यांनु, देवान उजवो कौल दिलो. साखरपुड्याचो दीस काढा. पोरीक? पोरीक आणि काय इचारूचा! ती तर देवाफुडेच नाचली."